कुरिअरने जाणारं विज्ञान

आमच्या भागातल्या कॉलेजांत भौतिकशास्त्राचं संशोधन कसं चालतं, माहितीये? विद्यार्थी दोन-तीन महिने खपून एखादी पूड तयार करतो. फेराइटची म्हणा, कसल्याशा ऑक्साइडची म्हणा. ती छोट्या प्लास्टिकच्या पुडीत भरायची, वर मार्करने 'नमुना अ', 'नमुना ब' लिहायचं, पाकिटात घालायची आणि कुरिअरवाल्याच्या हवाली करायची. पाकीट जातं नागपूरला, मुंबईला, नाहीतर त्याही पलीकडे. काही आठवड्यांनी ई-मेलने एक फाइल येते. तिच्यात एक आलेख असतो. तो प्रबंधात चिकटवला की 'चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास' हे प्रकरण पूर्ण!

ज्या यंत्राने हे मोजलं, ते त्या मुलाने पाहिलेलं नसतं. त्या दिवशी यंत्र नीट चालत होतं का, पूड कशात भरली होती, रिकाम्या कुपीचं चुंबकत्व वजा केलं का, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. आमचा शेतकरी धान विकायला नेतो तेव्हा काट्यासमोरून हलत नाही. काटा शून्यावर आहे ना, हे आधी बघतो, मग पोतं चढवू देतो. आणि त्याचाच एम.एस्सी. झालेला मुलगा, न पाहिलेल्या काट्यावरचं वजन मान खाली घालून लिहून घेतो. हे मला खटकतं, आणि आजचा लेख त्याबद्दलच आहे.

आता चुंबकत्वच का, असं कोणी विचारेल. कारण मोजायला अवघड असूनही ज्याचा काटा घरी बनवता येतो, अशा मोजक्या गोष्टींपैकी ती एक आहे.

चुंबक म्हटलं की आपल्याला लोखंड आठवतं. पण १८४५ साली मायकेल फॅरेडेने मोठ्या विद्युतचुंबकापुढे लाकूड, पाव, सफरचंद, मांस असल्या वस्तू टांगून पाहिल्या आणि दाखवून दिलं, की चुंबकाला अजिबात दाद न देणारा पदार्थ शोधून सापडणं कठीण. काही किंचित ओढले जातात, काही किंचित दूर सरतात. सगळी गोम त्या 'किंचित' शब्दात आहे. हा परिणाम लोखंडाच्या मानाने लाखो पटींनी दुबळा. त्यातून नमुना चिमूटभर असेल तर बघायलाच नको. शिवाय आजूबाजूला पृथ्वीचं चुंबकत्व आहे, भिंतीतल्या सळया आहेत, पंख्याची मोटर आहे, विजेच्या तारा आहेत. बाजारात बँड वाजत असताना शेजारच्याच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची, तसं हे काम.

त्यामुळे असलं यंत्र बनवणाऱ्याचा निम्मा वेळ ऐकण्यात नाही, तर गोंगाट थांबवण्यात जातो. याचं एक मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा संचालक असलेल्या नानाभाई मूस यांनी ट्राम यायची वाट पाहिली नाही. १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, तिच्यासाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणला, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नवीला नीट जोडता यावी. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ साली. मोजमापाचं शहाणपण म्हणतात ते हेच.

यंत्र बनवण्याची परंपराही आपल्याकडे नाही असं नाही. लाहोरला शांतिस्वरूप भटनागर आणि माथुर यांनी १९२८ साली पदार्थांचं चुंबकत्व मोजणारा एक तराजू बनवला. त्यातली हालचाल इतकी सूक्ष्म, की ती प्रकाशलहरींच्या पट्ट्यांवरून मोजावी लागे. लंडनच्या ॲडम हिल्गर कंपनीने तो तराजू पुढे विक्रीला काढला. म्हणजे त्या काळी यंत्राची कल्पना इथून तिकडे गेली होती! के. एस. कृष्णन यांनी १९३०च्या दशकात आधी ढाक्याला आणि मग कलकत्त्याला बारीकशा स्फटिकांचं चुंबकत्व मोजलं, तेही स्फटिक क्वार्ट्‌झच्या तंतूला टांगून. तंतूला पीळ देत जायचं आणि स्फटिक कधी गर्रकन फिरतो ते बघायचं. सामान साधं आणि डोकं भारी.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती गोष्ट आपल्या काळ्या दगडाची. ती सुरू होते इंग्लंडात.

पॅट्रिक ब्लॅकेट नावाच्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाला वाटत होतं, की कुठलीही जड वस्तू नुसती फिरत असली तरी तिच्यात थोडंसं चुंबकत्व येत असावं. पृथ्वीचं चुंबकत्व त्यातूनच येत असेल. हे तपासायला त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून सुमारे १५ किलोचं सोन्याचं नळकांडं उसनं आणलं आणि एक विलक्षण नाजूक चुंबकमापक बांधला. त्याची युक्ती सांगतो. एकाच दांडीवर दोन सारखे चुंबक उलटसुलट बसवायचे आणि ती दांडी तंतूला टांगायची. पृथ्वीचं चुंबकत्व एकाला इकडे फिरवू पाहतं, दुसऱ्याला तिकडे, म्हणजे एकूण शून्य. मग खालून नमुना जवळ आणायचा. तो खालच्या चुंबकाला जास्त जवळ, वरच्याला कमी. तेवढ्या फरकाने दांडी वळते आणि तिच्यावरच्या आरशाने पाडलेला प्रकाशाचा ठिपका सरकतो.

१९५२ साली ब्लॅकेट यांनी निष्कर्ष छापला, की परिणाम काही सापडला नाही. कल्पना गेली, पण यंत्र राहिलं! आणि त्या धाटणीच्या यंत्रांनी दगड मोजायला सुरुवात झाली. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून बसतात. क्लेग, डॉयच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या काळ्या दगडांचे नमुने मोजून १९५६ मध्ये निबंध छापला. हे दगड आज विषुववृत्ताच्या उत्तरेला आहेत, पण त्यांच्यातली दिशा सांगत होती की ते तयार झाले तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला, सुमारे ३० अंशांवर होती. भारत उत्तरेकडे सरकत आलाय, हे आपल्या सह्याद्रीच्या दगडांनी सांगितलं. खंड सरकतात हे म्हणणं तेव्हा निम्म्या जगाला पटत नव्हतं.

यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली मंडळी या कामात आली. १९५९ मध्ये डॉयच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खनच्या दगडांवरचा निबंध आला. पण दगड मोजता मोजता एक अडचण उभी राहते. सगळ्या दगडांची स्मरणशक्ती सारखी नसते. कण फार बारीक असतील तर ते दिशा धरून ठेवूच शकत नाहीत, फार मोठे असतील तर ती सहज बदलते. मग कोणत्या दगडाच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा? हा प्रश्न आपल्या दगडांतून आलेला होता. आणि लिखिते, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी त्यासाठी स्वतः यंत्र बांधलं. १९६५ साली अमेरिकेतल्या उपकरणांना वाहिलेल्या एका नामांकित नियतकालिकात त्याचं वर्णन छापून आलं. दगडाचा तुकडा उलटसुलट होणाऱ्या चुंबकक्षेत्रात ठेवायचा आणि त्याचा प्रतिसाद थेट ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर वेटोळ्याच्या रूपात बघायचा. याला हिस्टेरिसिस लूप म्हणतात. वेटोळं रुंद की चपटं, तापवल्यावर काय होतं, गार केल्यावर काय होतं, यावरून आतल्या कणांची जात कळते.

याच मंडळींनी दुबळ्या क्षेत्रातला प्रतिसाद मोजणारी जोडवेटोळ्यांची रचनाही बांधली. नंतर कित्येक वर्षं मराठवाड्यातल्या आणि इतरत्रच्या फेराइटवरच्या शोधनिबंधांत एक ठरलेलं वाक्य दिसत राहिलं: मोजमाप २६३ हर्ट्‌झ वारंवारितेवर जोडवेटोळ्यांच्या उपकरणाने केलं, आणि पुढे यांचा संदर्भ. ही संख्या मला फार आवडते. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्‌झची आणि तिचा गुणगुणाट ५० च्या पाढ्यात येतो, १००, १५०, २००, २५०, ३००. २६३ त्या पाढ्यात बसत नाही. गोंगाट टाळायला असा पाढ्याबाहेरचा आकडा निवडायचा, ही यंत्र बनवणाऱ्याची साधी हुशारी. तयार यंत्राचं बटण दाबणाऱ्याला हा विचार कधी करावाच लागत नाही.

कोणी म्हणेल, ती टाटा संस्था होती, तिथे सगळं होतं. मग अमेरिकेतलं एक उदाहरण घ्या. आज आपली मुलं ज्या यंत्राच्या आलेखासाठी कुरिअर करतात, त्यातलं एक म्हणजे व्हीएसएम. त्यात नमुना थरथरवतात आणि शेजारच्या वेटोळ्यांत उमटणारी वीज मोजतात. सायमन फोनर यांनी १९५९ साली छापलेल्या त्याच्या आकृतीत भागांची नावं वाचा. थरथरवायला लाउडस्पीकर, आधाराला कागदी पेला आणि नमुना धरायला शीतपेय प्यायची नळी! या तऱ्हेच्या यंत्राची मजल आज एका ग्रॅमच्या वीस कोटीव्या भागाएवढ्या लोखंडाचं चुंबकत्व ओळखण्यापर्यंत जाते. १९६४ साली अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत बनलेला स्क्विड त्याहून शंभर पटींनी नाजूक, पण त्याला द्रवरूप हेलियम लागतो, उणे २६९ अंशांचा. तो काही आपण कॉलेजच्या मागच्या खोलीत बनवणार नाही. कबूल. पण लाउडस्पीकर, पेला आणि नळी गोंदियाच्या बाजारात एका तासात मिळतात.

बनवण्याचा आग्रह मी हौसेपोटी धरत नाही. ज्याने यंत्र बांधलंय, त्यालाच ते कधी खोटं बोलतंय हे कळतं. २००४ साली एका प्रतिष्ठित नियतकालिकात आलं, की हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरांत चुंबकत्व सापडलं. जे असायलाच नको होतं ते सापडल्यामुळे मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या तिघा संशोधकांनी दाखवलं, की थर स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरले तर असलंच चुंबकत्व येतं, एरवी येत नाही. चिमट्याचा न दिसणारा ओरखडा नमुन्यापेक्षा मोठा बोलत होता! यंत्र जितकं नाजूक, तितकं हे जपावं लागतं. धूळ, घाम, पुडीवरचा मार्कर, सगळं त्या आलेखात उतरू शकतं. कुरिअरने आलेल्या फाइलीत हे काही लिहिलेलं नसतं.

असो. आता गोंदियाकडे येतो.

दख्खनचा काळा दगड नागपूरच्या आसपास संपतो. आमच्या जिल्ह्यात त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. पण मला आज खडकांबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचंय तलावांबद्दल. गोंदिया, भंडारा म्हणजे तलावांचा प्रदेश. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव आणि बोड्या. नवेगावबांध तर कोलू पटेल कोहळी यांच्या नावाने आजही ओळखला जातो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तेव्हापासून यांना माजी मालगुजारी तलाव, किंवा सरळ 'मामा तलाव' म्हणतात. त्यांच्या पाण्यावर रोवणी तगते हे सगळ्यांना माहीत आहे. पण तळाशी काय आहे याचा विचार कोणी करत नाही. तळाशी दरवर्षीच्या पावसाने वाहून आणलेली माती आहे, थरावर थर. एका परीने ती या जिल्ह्याची वहीच आहे, आणि तिच्यातली शाई चुंबकीय आहे.

ती कशी? मातीत लोहखनिजाचे कण असतात. लाल रंग देणारं हेमॅटाइट चुंबक म्हणून दुबळं, तर काळं मॅग्नेटाइट त्याच्या शेकडो पटींनी प्रबळ. ल बोर्न नावाच्या फ्रेंच संशोधकाने १९५०च्या दशकात दाखवलं, की जमिनीच्या वरच्या थरातली माती खालच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असते आणि आगीत भाजलेली माती तर आणखी. पुढे १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये थॉम्पसन, ओल्डफील्ड वगैरे मंडळींनी सरोवरांचा गाळ याच नजरेने वाचायला सुरुवात केली. कोणत्या थरात जंगल तुटून वरची माती वाहून आली, कोणत्या थरात खालची माती उघडी पडली, हे चुंबकत्वाच्या चढउतारावरून ताडता येतं. नमुना किती लागतो? थराची एकेक चकती, काही ग्रॅमची. ती जाळावी लागत नाही, विरघळवावी लागत नाही. वेटोळ्यात ठेवली, आकडा घेतला, परत डबीत.

आता आमचे प्रश्न बघा. १८८०च्या दशकात इथून रेल्वे गेली. त्या काळात इथल्या जंगलाचं काय झालं आणि त्याची माती तलावांत किती आली? उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला आणि तेंदूच्या फुटव्यासाठी जंगलात आगी लागतात. त्या पूर्वीही एवढ्याच लागत होत्या का? तलाव उथळ होण्याचा वेग मालगुजारी गेल्यावर वाढला का? हे मुंबईचे किंवा लंडनचे प्रश्न नाहीत. आमच्याशिवाय हे कोणी विचारणार नाही.

आणि विचारायला वेळही फार उरलेला नाही. २०१७ साली राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. तलावांतला गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा. योजना चांगली आहे. गाळ बांधीत गेला तर धानाला बरं, तलावात पाणी जास्त राहिलं तर सगळ्यांनाच बरं. मी तिच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पण जेसीबीचा दात तळात गेला की ती वही कायमची मिटली. शेतात पसरलेल्या गाळाचे थर पुन्हा रचता येत नाहीत. म्हणून माझी मागणी एवढीच आहे: खोदण्याआधी एक पाइप. मे महिन्यात बोडी कोरडी पडते तेव्हा एक लांब पीव्हीसी पाइप गाळात ठोकायचा, उपसायचा, दोन्ही टोकं बंद करून तलावाचं नाव आणि तारीख लिहायची आणि जवळच्या कॉलेजात आणून ठेवायचा. कुऱ्हाड नको, लोखंडी सुरी नको, कापायला प्लास्टिकची पट्टी. कारण चिमट्याची गोष्ट आत्ताच सांगितली.

यावर तीन आक्षेप मला आधीच ऐकू येतात.

पहिला, गाळाचं चुंबकत्व म्हणजे काही तारीख नव्हे. अगदी खरं. थरांचं वय काढायला शिशाच्या किरणोत्सारी प्रकारासारखी दुसरी साधनं लागतात. ती शंभर-दीडशे वर्षं मागे नेतात आणि त्यासाठी नमुना बाहेरच पाठवावा लागेल. शिवाय कायम पाण्याखाली असलेल्या चिखलात मॅग्नेटाइट हळूहळू विरघळूनही जातं, काही तलाव पूर्वीच उपसलेले असतील. म्हणूनच आधी आपल्याकडे पन्नास तलावांचे आकडे हवेत. कोणती वही वाचण्याजोगी आहे हे कळलं, की त्यातले मोजके थर खुशाल कुरिअरने पाठवा. कुरिअरला माझा विरोध नाही. कुरिअरनेच सुरू होऊन कुरिअरनेच संपणाऱ्या संशोधनाला आहे.

दुसरा, मातीचं चुंबकत्व मोजणारं तयार यंत्र इंग्लंडहून विकत मिळतं, मग बनवायचं कशाला? मिळतं, आणि चांगलं असतं. पैसे असतील तर जरूर घ्या, आपल्या यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून बघायला उपयोगी पडेल. पण ज्या मुलीने तांब्याच्या तारेची दोन वेटोळी उलटसुलट गुंडाळली, दोन्हीतली वीज एकमेकींना खोडेपर्यंत चार दिवस झटली, बाहेरून मालगाडी गेली की शून्य हलतंय हे जिच्या लक्षात आलं, ती पुढे कुठल्याही कोटींच्या यंत्रापुढे बसली तरी गांगरणार नाही. तिला आलेख नुसता बघता येणार नाही, त्याच्याशी भांडताही येईल.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे. वेळ नाही. मूल्यांकन, फॉर्म, शोधनिबंधांची संख्या. पाठवलेल्या नमुन्यातून वर्षात दोन निबंध निघतात, बांधलेल्या यंत्रातून तीन वर्षांत एक निघेल की नाही शंका. इथे मी प्राध्यापकांना दोष देत नाही. जे मोजलं जातं तेच माणूस करतो, आणि आपण संशोधनात निबंध मोजतो, यंत्र मोजत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने चालणारं उपकरण बांधलं आणि त्याची चूक-मर्यादा नीट लिहिली, तर त्याला एका निबंधाइतके गुण द्यायला विद्यापीठांची काय हरकत आहे? विज्ञानाचं मोजमाप करणाऱ्या या काट्याचंही शून्य कधीतरी तपासायला हवं.

आमच्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत चुंबकत्वाचा एक प्रयोग अजून होतो. काचेच्या नळीत मँगनीजच्या क्षाराचं द्रावण घ्यायचं, चुंबक चालू करायचा आणि पातळी किती वर चढली ते दुर्बिणीतून बघायचं. ते मँगनीज आमच्या शेजारच्या तुमसर भागातल्या खाणींतून निघतं, आणि बाटली मात्र येते शहरातल्या पुरवठादाराकडून, लेबल लावून. मुलं रीडिंग घेतात, सूत्रात घालतात, जर्नल सही करून घेतात. त्या नळीच्या शेजारी, त्याच टेबलावर, एक घरी गुंडाळलेलं वेटोळं आणि एका बोडीचा गाळ ठेवायला जागा आहे. पावसाला अजून वेळ असेल तेव्हा, जेसीबी येण्याच्या आधी.